बाईंचा ज्वलनाचा प्रयोग

शेगडी घरात आली त्या दिवशी बाईंनी नवी वही काढली. पहिल्या पानावर दोन बोटं समास सोडला, तारीख घातली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘उद्देश: लाकडाची शेगडी थंड अवस्थेतून पेटवून सतत जळत ठेवणे व बाहेरच्या खोलीचे तापमान वीस अंशांवर नेणे.’ त्याखाली साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान असे मथळे घालून जागा मोकळी ठेवली. अनुमानाला दोनच ओळी ठेवल्या, कारण अनुमान काय निघणार हे त्यांना आधीच ठाऊक होतं. ज्या बाईने एकतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, ज्वलनाला इंधन, हवा आणि उष्णता या तीन गोष्टी लागतात हे दरवर्षी तीन-तीन तुकड्यांना घोकायला लावलं, तिला एक शेगडी पेटवायला असे किती दिवस लागणार?

प्रयोगाला मुदत मात्र होती, आणि ती मुलाने घातली होती. अप्पा, म्हणजे बाईंचे यजमान, न्यूमोनियातून नुकतेच उठले होते. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं की खोली वीस अंशांच्या खाली जाता कामा नये. बाईंनी शाळेतून आणलेला तापमापक भिंतीवर टांगला, तर पारा बारावर. विजेचा हीटर लावला की इमारतीतल्या चारही घरांचे दिवे जात आणि चारही घरं जिन्यात जमत. शेवटी मुलाने फोनवर निकाल दिला. तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी दहा वाजता तो शहरातून गाडी घेऊन येणार. खोली उबदार असली तर उत्तमच. नसली तर बाबा उन्हाळ्यापर्यंत त्याच्याकडे. त्याच्या घरात जागा एकाच माणसापुरती होती, आणि बाईंना तसंही हलता येत नव्हतं, कारण त्या निवृत्त झाल्या असल्या तरी परीक्षेला बसणारी बावीस मुलं रोज दुपारी तीन ते पाच शाळेत त्यांची वाट बघत.

हे सगळं ऐकून अप्पा म्हणाले, “ठीक आहे.”

बाईंना ते फार लागलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्या माणसाने साध्या मफलरच्या रंगावरूनही अर्धा तास घासाघीस केली होती, आणि चार महिने घर सोडून जायचं तर म्हणे ठीक आहे. त्या स्वयंपाकघरात गेल्या, पायरीवर चढल्या, सगळ्यात वरच्या फळीवरून चहाचा डबा काढला आणि नेहमीपेक्षा जरा जास्त आवाज करून चहा टाकला.

या पायरीबद्दल सांगायला हवं. बाई उंचीने कमी. किती कमी, हे कुणी कधी मोजलं नाही, पण मुलं त्यांच्या माघारी त्यांना ‘पाऊण बाई’ म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होतं. फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत हात पोचावा म्हणून शाळेच्या सुताराने त्यांना सहा फूट लांब, वीतभर उंच, जाड फळ्यांची एक पायरी करून दिली होती. तिच्यावर एकतीस वर्षं येरझाऱ्या घालून बाईंनी ती मधोमध झिजवली. निवृत्तीच्या दिवशी शाळेने शाल देण्याऐवजी ती पायरीच त्यांच्या घरी पोचती केली, आणि तेव्हापासून ती स्वयंपाकघरात फळ्यांखाली होती. घरातली प्रत्येक वस्तू त्या पायरीच्या हिशोबाने वर गेली होती. अप्पा चांगले सहा फूट उंच, पण बाईंनी त्यांना कधी डबा काढून मागितला नाही. मागायची वेळच आली नाही.

तीन आठवड्यांतले दोन गेले परवानगीत. भिंतीतून धुराडं बाहेर काढायचं तर नगर कार्यालयाचा कागद लागतो, आणि तो खिडकी क्रमांक चारवर मिळतो. खिडकी इतकी उंच होती की आतल्या माणसाला बाईंचा चष्मा आणि त्यावरचे केस एवढंच दिसत असावं. तरी त्याने ओळखलं. तो खुर्चीवरून उठून उभा राहिला, “बाई, तुम्ही?” म्हणाला, हात जोडले, अर्ज घेतला आणि तीन दिवसांनी परत पाठवला. वर तांबड्या शाईने लिहिलं होतं, ‘समास सोडलेला नाही.’

बाईंनी समास सोडून अर्ज पुन्हा लिहिला. या वेळी शेरा आला, ‘आकृतीला नावे दिलेली नाहीत.’ त्यांनी धुराड्याच्या आकृतीला नावं दिली, बाण पट्टीने काढले. तिसऱ्यांदा अर्ज परत आला तो ‘बाण आकृतीला टेकत नाहीत’ म्हणून. बाई संतापून खिडकीवर गेल्या. तेव्हा त्या कारकुनाने आपली एक जुनी, जिवापाड जपलेली प्रयोगवही काढून दाखवली. तिच्यात हेच तीन शेरे याच शब्दांत, याच क्रमाने, बाईंच्या हस्ताक्षरात होते. तो सूड घेत नव्हता. त्याने अगदी मनापासून सांगितलं की बाई, या सवयींमुळेच मी आज या खुर्चीवर आहे. यावर रागवावं की आनंद मानावा हे बाईंना ठरवता येईना. त्यांनी तिथेच टाचा उंचावून बाण टेकवले आणि शिक्का घेतला.

मग सोमवारी शेगडी आली. काळी, लोखंडी, चार पायांवर उभी, पुढे काचेचं दार, खाली हवेची सरकती पट्टी. ती आणणारा मिस्त्रीही बाईंचाच विद्यार्थी निघाला, शेवटच्या बाकावरचा, रसायनात दोनदा नापास झालेला. त्याने शेगडी उंबऱ्याशी टेकवली आणि पुढे पाऊल टाकणार तोच बाईंनी हात आडवा केला. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नाही, हा या घरातला पहिला नियम होता. भाजी धुतली जायची, दुधाच्या पिशव्या धुतल्या जायच्या, सुटे पैसे धुऊन वाळत पडायचे. अप्पांनी सुरुवातीच्या काळात एकदा नवा कोरा साबणही धुऊन दाखवला होता. त्यांना वाटलं होतं बाई हसतील. बाईंनी शाबासकी दिली. तर शेगडी जिन्यात साबणाने धुतली गेली, मिस्त्रीने निमूटपणे स्वतःचे हात धुतले आणि संध्याकाळपर्यंत धुराडं भिंतीतून बाहेर गेलं. वखारीतून आलेले ऐंशी ओंडके हमालाने मागच्या गॅलरीत टाकले.

मंगळवारी सकाळी बाईंनी ओंडके रचले, मध्ये जुन्या प्रश्नपत्रिकांचे बोळे घातले आणि काडी ओढली. अप्पा खुर्चीत शालीखाली बसून बघत होते. प्रश्नपत्रिका छान पेटल्या. मग सगळा धूर धुराड्याकडे गेला, तिथे क्षणभर थांबला, जणू आत कुणीतरी दार उघडेना, आणि वळून खोलीत आला.

बाईंनी खिडक्या उघडल्या. पारा बारावरून नऊवर आला. वरच्या मजल्यावर एक वकील राहतात. त्यांना आयुष्यात कधी आणीबाणीचा प्रसंग मिळाला नव्हता, त्यामुळे आलेली संधी त्यांनी सोडली नाही. दहाव्या मिनिटाला अग्निशामक दलाची गाडी दारात उभी राहिली आणि तीन धिप्पाड जवान नळी घेऊन जिना चढून आले. त्यांच्या प्रमुखाने बाईंना पाहिलं आणि डोक्यावरचं शिरस्त्राण काढून काखेत धरलं. तोही विद्यार्थीच, खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावरचा. शेगडीत वाकून पाहत तो आदराने म्हणाला, “बाई, ज्वलनाला तीन गोष्टी लागतात.”

बाईंनी डोळे मिटले. त्याने तीनही गोष्टी सांगितल्या, बरोबर क्रमाने. इतर दोघा जवानांनी माना डोलावल्या. अप्पा शालीआड खोकले, पण तो खोकला न्यूमोनियाचा वाटला नाही.

त्यानंतर अख्ख्या गल्लीला शेगडीचा विषय मिळाला. फार्मसीवाल्याच्या मते धुराडं दोन फूट कमी होतं. समोरच्या शिंपीणबाईंच्या मते दोन फूट जास्त होतं. वकिलांनी, आग लावली तेव्हा वारा कुठल्या दिशेला होता याची नोंद आहे का, असं विचारलं. बाईंनी सगळं वहीत टिपलं, प्रत्येकाच्या नावापुढे दहापैकी गुण दिले. सगळ्यात जास्त चार पडले, आणि ते शिंपीणबाईंना, कारण त्या निदान बोलता बोलता काचेवरची काजळी पुसत होत्या.

गुरुवारी मिस्त्री आला. त्याने शेगडीत हात घातला, धुराड्याच्या तोंडाशी नेला आणि सांगितलं की इथे गार हवा ठाण मांडून बसली आहे. आधी तिला हुसकायला हवं. त्याने एका कागदाची सुरळी पेटवून ती वर, थेट नळीच्या तोंडाशी धरली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग नळीने खोल श्वास घ्यावा तसा आवाज आला आणि ज्योत वर खेचली गेली. आता खाली पेटवा, तो म्हणाला. त्याने आपल्या पिशवीतल्या बारीक ढलप्या रचल्या, दार बोटभर उघडं ठेवलं, आणि काचेमागे पिवळीधमक आग नाचायला लागली.

बाईंना आनंद झाला आणि शरमही वाटली. गरम हवा वर जाते, गार हवा जड असते, हे त्यांनी याच पोराला शिकवलं होतं आणि तो त्यातच नापास झाला होता. “तुला हे कुठून आलं?” त्यांनी विचारलं. तो म्हणाला, “बाई, तुम्ही सांगितलेलं सगळं कळायचं. लिहिताच यायचं नाही.” बाईंनी त्या दिवशी वहीत काही लिहिलं नाही. नंतर बराच वेळ त्या शेवटच्या बाकावर बसलेल्या इतर मुलांचे चेहरे आठवत राहिल्या.

रचलेल्या ढलप्या जळाल्या, उरलेल्या बाईंसाठी ठेवून मिस्त्री गेला, आणि खरा घोळ सुरू झाला. ढलप्यांच्या निखाऱ्यांवर बाईंनी ओंडका ठेवला तर तो फुसफुसायला लागला. त्याच्या टोकांना बुडबुडे आले, काच धुरकटली आणि आग मान टाकून विझली. शुक्रवारी सकाळी तीन वेळा तेच. नळी खेचत होती, हवा येत होती, तीन गोष्टींपैकी दोन हजर होत्या. म्हणजे खोट इंधनात. बाई तडक वखारीत गेल्या आणि वखारवाल्याला चार गिऱ्हाइकांसमोर सांगितलं की त्याने ओलं लाकूड विकलं.

वखारवाला बाईंचा विद्यार्थी नव्हता, त्यामुळे तो उलटून बोलू शकला. तो कुऱ्हाड खांद्यावर टाकून त्यांच्याबरोबर घरी आला, वरच्या थरातला एक ओंडका उचलला आणि अंगणात एका घावात उभा फोडला. आतून लाकूड कोरडं ठणठणीत होतं. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर खणखण वाजले. त्याने बाईंचा हात धरून आधी आतल्या बाजूवर ठेवला, मग बाहेरच्या सालीवर. साल ओली गच्च होती.

“दोन वर्षं छपराखाली वाळलेला माल आहे,” तो म्हणाला. “ओलं लाकूड आतून ओलं असतं, बाई. हे बाहेरून ओलं आहे. हे पाणी माझं नाही.”

महिनाभर पावसाचा थेंब नव्हता. गॅलरीचं छत गळत नव्हतं. बाईंनी वहीत लिहिलं, ‘अज्ञात स्रोताचे पाणी.’ मग त्यांनी वर पाहिलं, आणि त्यांना वकिलांच्या गॅलरीतल्या कुंड्या दिसल्या.

त्यांनी वकिलांना अत्यंत सभ्य चिठ्ठी लिहिली की झाडांना पाणी घालताना खालच्या इंधनाचा विचार व्हावा. वकिलांनी तासाभरात चार पानी उत्तर दिलं. त्यात आरोप संपूर्णपणे नाकारलेला होता, कुंड्यांची संख्या नऊ असल्याचं मान्य केलेलं होतं, आणि शेवटच्या परिच्छेदात, त्यातल्या सात कुंड्यांतली झाडं केव्हाच वाळून गेली असून आपण त्यांना पाणी घालण्याचं सोडून दिलं आहे, असं जरा हळव्या भाषेत कबूल केलेलं होतं. बाईंचा त्यावर विश्वास बसला नाही. पाण्याला हात लावायला घरात दुसरं होतं कोण? अप्पा तर दिवसभर खुर्चीत. चार दिवसांत त्यांना सर्दी तेवढी झाली होती, आणि बोटांची कातडी सुरकुतली होती. आजारपणात व्हायचंच, असं बाईंना वाटलं.

शनिवारी बाईंनी पुरावा गोळा करायचं ठरवलं. वखार दुपारी बंद झाली की सोमवारीच उघडणार, म्हणजे जे काय करायचं ते आजच. नेहमीसारख्या त्या तीनला शाळेत गेल्या, मुलांना समीकरणं सोडवायला दिली आणि साडेतीनला मागच्या बोळातून दबकत परत आल्या. वकिलांना झारीसकट रंगेहाथ पकडायचं होतं. वरच्या गॅलरीत कुणी नव्हतं. पण त्यांच्या स्वतःच्या न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता, आणि कुणीतरी गुणगुणत होतं.

इस्पितळातून आल्यापासून अप्पा गुणगुणले नव्हते. बाई दाराशी गेल्या.

अप्पा स्टुलावर बसले होते. डोक्याला माकडटोपी, गळ्यात मफलर, स्वेटरच्या बाह्या कोपरांपर्यंत सारलेल्या. समोर टब, त्यात जंतुनाशकाचं पांढुरकं पाणी, आणि पाण्यात पाच ओंडके भिजत पडलेले. सहावा त्यांच्या मांडीवर होता. भाजीच्या ब्रशने ते त्याची साल घासत होते, कानाकोपऱ्यातून, अगदी मन लावून. शेजारी जुन्या टॉवेलवर दोन ओंडके निथळत होते. अप्पांची सगळी नोकरी पोस्टात पत्रं लावण्यात गेली होती, त्यामुळे ते दोन्ही अगदी एका रेषेत होते.

“अहो,” बाई म्हणाल्या, “हे काय चाललंय?”

अप्पा दचकले. ओंडका टबात पडला आणि बाईंच्या साडीवर पाणी उडालं. “तू लवकर कशी आलीस?” ते म्हणाले. मग जणू याहून साधी गोष्ट जगात नाही अशा सुरात, “लाकडं धुतोय.”

“लाकडं धुताय.”

“बाजारातून आलीत ना. माती किती होती, मुंग्या होत्या. तू आधीच त्या शेगडीपायी दमलीस. म्हटलं, निदान धुण्याचं तरी तुझ्यावर नको. रोज तू गेलीस की थोडीथोडी काढतो. ही आठ शेवटची.”

“ऐंशीच्या ऐंशी?”

“पुसतो नीट,” अप्पा घाईने म्हणाले. “टॉवेलने पुसूनच लावतो.”

बाईंच्या तोंडाशी पुष्कळ काही आलं. गार पाण्यात हात घालून बसलेला न्यूमोनियाचा रोगी त्यांना दिसत होता, वखारीतली चार गिऱ्हाइकं आठवत होती, वकिलांची वाळलेली सात झाडं आठवत होती. एकतीस वर्षं आपण गावभर ज्वलन शिकवत हिंडलो आणि घरात मात्र फक्त धुणं शिकवलं, हेही त्यांना स्वच्छ दिसलं. नियम त्यांचाच होता, आणि त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांत तो कुणी असा पाळला नव्हता. त्यांनी टॉवेल उचलला, अप्पांचे हात त्यात घेतले आणि जोरजोरात चोळून कोरडे करायला लागल्या. हात बर्फासारखे झाले होते.

“चुकलं का काही?” अप्पांनी विचारलं.

“ओलं लाकूड जळत नाही,” बाई म्हणाल्या. आवाज काढायचा म्हणून काढला, पण तो वर्गातला निघाला नाही.

अप्पांनी टबाकडे पाहिलं. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर सगळा आठवडा उलगडला. “म्हणजे माझ्यामुळेच,” ते म्हणाले.

“तुम्ही त्याला ठीक आहे म्हणालात,” बाई म्हणाल्या. तीन आठवडे गिळलेलं वाक्य बाहेर आलं. “घेऊन जातो म्हणाला, आणि तुम्ही नुसतं ठीक आहे म्हणालात.”

“मग काय म्हणू? मी इथे नुसता बसलेला असतो. तू धावतेस, मी बघतो. तुझं एक काम कमी होईल असं वाटलं.” अप्पा थांबले. “पण मला जायचं नाही. शेगडी पेटली तर राहता येईल, म्हणून तर धुत होतो.”

बाईंनी टॉवेल खाली ठेवला नाही. आठवडाभर दोघं एकाच घरात, एकाच कामासाठी, एकमेकांच्या विरुद्ध राबत होते. आणि उद्या दहा वाजता गाडी येणार होती.

घरात कोरडं लाकूड नव्हतं. फोडलेल्या ओंडक्याचे तुकडेही अप्पांनी धुतले होते, आणि बाकीचे फोडायला कुऱ्हाड होती ती बंद वखारीत. मिस्त्रीने राहू दिलेल्या मूठभर ढलप्या होत्या, त्या पंधरा मिनिटं पुरल्या असत्या. ओंडके सुकवायचे तर आग हवी, आणि आगीला कोरडं लाकूड हवं. बाईंनी हे कोडं वहीत मांडून पाहिलं, सुटलं नाही. मग त्यांनी वही मिटली आणि चहा करायला उठल्या. पायरीवर चढल्या, वरच्या फळीकडे हात नेला, आणि हात तसाच वर ठेवून त्यांनी खाली पाहिलं.

जाड, जुनं, घट्ट लाकूड. रंग नाही, पॉलिश नाही. एकतीस वर्षं वर्गाच्या छपराखाली वाळलेलं, आणि कुणी कधी धुतलं नव्हतं, कारण ते बाजारातून आलेलंच नव्हतं.

रविवारी सकाळी सातला मिस्त्री करवत घेऊन आला. काय कापायचं हे कळल्यावर त्याने करवत पिशवीत परत घातली. “बाई, हिच्यावर उभं राहून तुम्ही मला नापास केलंत,” तो म्हणाला. “हिला मी नाही कापणार.” अप्पाही म्हणाले की राहू दे, चार महिने काय, जातील बघता बघता. बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, पायरीवर चढल्या, आणि गेली कित्येक वर्षं घरात न वापरलेल्या आवाजात म्हणाल्या, “करवत.” मिस्त्रीने करवत काढली. त्या खाली उतरल्या आणि कापून होईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. मधल्या झिजलेल्या भागावर करवत आली तेव्हा आवाज बदलला, तो त्यांना पाठमोऱ्याही कळला.

मग त्यांनी पदर खोचला. सुरळी पेटवून नळीच्या तोंडाशी धरली आणि गार हवा उठेपर्यंत धीर धरला. नळीने श्वास घेतल्यावर ढलप्या पेटवल्या, दार बोटभर किलकिलं ठेवलं. ढलप्या लाल झाल्या तेव्हा पायरीचे पातळ तुकडे, त्यांनी पेट घेतल्यावर जाडे. नळी घुमायला लागली, काच स्वच्छ झाली. मग दार लावलं, हवेची पट्टी आधी थोडी, मग निम्मी आत सारली. ज्वाळांची घाई गेली. त्या सावकाश, रुंद, नारिंगी होऊन जळायला लागल्या. बाईंनी धुतलेले ओंडके शेगडीपासून हातभर अंतरावर गोलात उभे केले. थोड्याच वेळात त्यांच्या अंगातून वाफ निघू लागली आणि खोलीत जंतुनाशकाचा मंद वास पसरला. पारा चौदा, सोळा, अठरा असा चढत होता. साडेनऊला पहिला धुतलेला ओंडका आत गेला. तो थोडा कुरकुरला आणि पेटला. अप्पांनी मफलर काढला.

दहाला मुलगा आला तेव्हा पारा एकवीसवर होता. त्याने कोट काढला, मग स्वेटर काढला. तापमापकावर टिचकी मारून पाहिली. शेगडीभोवती वाफाळत उभे असलेले ओंडके पाहून त्याने विचारलं, “ही लाकडं ओली कशी?”

“हल्ली दव फार पडतं,” बाई आणि अप्पा एकदमच म्हणाले, आणि दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

मुलाने तरी समजावून पाहिलं. आज पेटली, रोज पेटेल कशावरून? थंडीचे अजून चार महिने आहेत. बाबांची खोली तयार आहे, चादरीसुद्धा घातल्या आहेत. तो चांगला मुलगा होता आणि त्याचं म्हणणं चूक नव्हतं. चहा टाकते, असं म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या. सवयीने त्यांनी डावा पाय उचलून पायरीवर ठेवला. पाय धप्पकन जमिनीवर आला. त्या तशाच उभ्या राहिल्या, एक हात वर, आणि चहाचा डबा त्या हाताच्या वीतभर वर.

बाहेर खुर्ची करकरली. अप्पा शाल खुर्चीवर टाकून आत आले, बाईंच्या मागे उभे राहिले, त्यांच्या डोक्यावरून हात नेला आणि डबा काढून त्यांच्या हातात दिला. मग साखरेचा काढला. मग बिस्किटांचा, जो कुणी मागितला नव्हता.

“मला यायला जमायचं नाही रे,” त्यांनी बाहेर मुलाला सांगितलं. “हिचा हात पोचत नाही.”

बाईंनी पाण्यात चहा टाकला, तीन कप काढले आणि डबा पुन्हा अप्पांच्या हातात दिला. अप्पांनी तो वर ठेवला, पहिल्यापेक्षा जरा मागे.